स्क्रूची ओळ

“तू यातलं काही काढलं होतंस का रे?” सरांनी विचारलं आणि माउसवरचा स्क्रूचा हात जागच्या जागी थांबला.

पंचेचाळिशी उलटली तरी सरांसाठी तो स्क्रूच होता. शाळेत कंपासपेटीत कर्कटकाऐवजी स्क्रू ड्रायव्हर ठेवायचा, म्हणून सरांनीच ते नाव पाडलं होतं. बाकी त्याच्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. कधी पहिला आला नाही, कधी नापासही झाला नाही. आता घरोघरी कॉम्प्युटर दुरुस्त करत हिंडायचा आणि एका घरी बसला की त्याचा जीव पुढच्या घरी पोचलेला असायचा. चहासुद्धा उभ्या उभ्या. “तुम्ही जेवता की हजेरी लावून जाता?” असं बायको रोज विचारायची.

आज मात्र तो अर्धा तास खुर्चीवर होता आणि त्याचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता.

सरांची फाइल कोरी झाली होती. चौतीस वर्षं सरांनी भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर, शिकवलेल्या प्रत्येक मुलामुलीवर आठवून एकेक ओळ लिहायची असं त्यांनी मनावर घेतलं. सहा वर्षं एका बोटाने टाइप करत हजारावर ओळी झाल्या. आज सकाळी एकच ओळ खोडायला गेले, तर सगळंच निवडलं गेलं आणि सगळंच पुसलं गेलं. घाबरून त्यांनी फाइल बंद केली. बदल साठवायचे का, असं मशीनने विचारलं. सरांनी ‘हो’ दाबलं.

“हल्ली बाबांचं असंच चाललंय, दादा,” दारात उभी राहून सून म्हणाली. “परवा नळ चालू ठेवून फिरायला गेले. मी यांना सांगितलंय, रविवारी ते मशीन माळ्यावर टाका. उगाच डोक्याला ताप.”

सर चष्मा काढून पुसत बसले.

फाइलचं काय झालंय ते स्क्रूला सरांचा फोन आला तेव्हाच कळलं होतं. मशीन अधूनमधून फायलींच्या जुन्या प्रती बाजूला ठेवतं. ती रिकव्हरीची सोय चालू असती, तर कालची फाइल दोन मिनिटांत परत आली असती. पण गेल्या महिन्यात सर म्हणाले होते, “मशीन पार गोगलगाय झालंय रे.” डिस्क गच्च भरलेली, आणि स्क्रूला आणखी तीन घरं गाठायची होती. त्याने ती सोय बंद केली, जुन्या प्रती पुसल्या आणि मोकळी झालेली जागा व्हर्च्युअल मेमरीला देऊन टाकली. म्हणजे मेमरी कमी पडली की मशीन हातातलं काम डिस्कच्या त्या कोपऱ्यात टाकतं; ओटा भरला की आपण भांडी खाली ठेवतो तसं. मशीन पळायला लागलं. सरांनी पाठ थोपटली. निघताना त्याने एवढंच सांगितलं होतं, “थोडा कचरा काढलाय.”

“नाही म्हणजे, बोट माझंच चुकलं,” सर म्हणाले. “वय झालं. उगाच तुला विचारलं.”

गप्प बसायचं, एवढंच काम होतं. कुणाला कधी कळलं नसतं. मशीन माळ्यावर गेलं असतं आणि सर मान खाली घालून खिडकीत बसले असते. स्क्रूने माउसवरचा हात काढला.

“सर, बोट कुणाचंही चुकतं. चुकलं तरी परत मिळावं अशी सोय यात होती. ती मी काढली.”

“मला न विचारता?”

“हो.”

“का रे?”

“घाई होती,” तो म्हणाला. त्याला स्वतःचीच लाज वाटली. मग दाराकडे वळून म्हणाला, “वहिनी, मशीन माळ्यावर टाकू नका. यात सरांची चूक थोडी आणि माझी जास्त आहे.”

सून आत गेली.

एक धागा उरला होता. सकाळी फाइल उघडली तेव्हा तिचे तुकडे व्हर्च्युअल मेमरीच्या कोपऱ्यात पडले असतील, तर कदाचित अजून तिथेच असतील. मशीन नेहमीसारखं बंद केलं तर तेही जातील, म्हणून त्याने सरळ प्लग उपटला. डिस्क काढून रुमालात गुंडाळली. दोन दिवस आपल्या छोट्या दुकानाचं शटर आतून ओढून तो तिच्यावरच बसला. लोकांचे फोन वाजून वाजून थकले.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो परत आला. बासष्ट ओळी सापडल्या होत्या. आगापिछा नाही, काही अर्ध्यातच तुटलेल्या. त्याने छापून आणलेल्या कागदावरून सर एकेक मोठ्याने वाचू लागले.

“हिचं अक्षर सुंदर, उत्तरं चुकीची... पृथ्वी गोल आहे हे याला कधी पटलं नाही, आणि आता जहाजावर आहे...” सर हसले. मग पुढची ओळ वाचताना त्यांचा आवाज खाली आला. “वडील गेले त्या आठवड्यातही गृहपाठ करून आणला. मी तपासला नाही. तपासायला हवा होता.”

वाचून झाल्यावर त्यांनी मान वर केली. “तुझी सापडली?”

“नाही.” दुकानात त्याने सगळ्यात आधी तीच शोधली होती, हे काही तो बोलला नाही.

“काय बरं लिहिलं होतं मी...” सरांनी भिंतीकडे पाहिलं. “आठवत नाही रे. चांगलं होतं, एवढं आठवतंय.”

स्क्रूने मान हलवली. डिस्क बसवली, रिकव्हरीची सोय पुन्हा चालू केली, व्हर्च्युअल मेमरी लागेल तेवढीच ठेवली. “मशीन पुन्हा हळू चालेल, सर.”

“चालू दे. मी कुठे पळतोय?” सरांनी खुर्ची पुढे ओढली आणि कोरं पान उघडलं. “बस. तुझीच आधी लिहितो.”

खिशात फोन वाजला. स्क्रूने तो बंद केला आणि स्टूल ओढून बसला. सरांचं बोट कीबोर्डवर पहिलं अक्षर शोधत फिरत होतं. मध्येच ते थांबलं, पुन्हा फिरू लागलं. सुनेने दोघांचा चहा आणून ठेवला. स्क्रूने कप उचलला आणि बसूनच प्यायला लागला.