फुंकेचा मान

कॅसेटला फुंक लागत नाही, एवढी साधी गोष्ट गावाच्या डोक्यात शिरवायला मला केवढा खटाटोप करावा लागला, त्याचा राग माझ्या मनात अजून आहे.

गाव आमचं आदिलाबादकडं, तामसीच्या पुढं, कापसा-ज्वारीचं. महाशिवरात्रीला महादेवाची जत्रा भरते. पालखी उठायच्या आधी देवळाच्या दारात सनई वाजते, आणि ज्या घराची पहिली फुंक पडेल त्या घराकडे वर्षभराचा मान. वर्षातली सगळी लग्नं, हळदी, देवाची कामं मग त्याच घराची. हा मान माझ्या आजोबांपासून आमच्याकडे होता. बाबांना, म्हणजे डोमाजींना, मुलगा नाही. मी एकटीच. लहानपणी मी सनई तोंडाला लावायला गेले की आई हातावर फटका द्यायची. बाईचं तोंड लागलं की देव उठून जातो म्हणे. सनईची तोंडात धरायची पत्ती धुऊन वाळवायची मात्र बाईनंच. तेव्हा देव जागचा हलत नसे.

मग एका उन्हाळ्यात बाबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. तोंड वाचलं, पाय हळूहळू सावरला, पण उजवा हात लुळाच राहिला. सनईची भोकं दाबायला दोन्ही हात लागतात. फुंक होती तशीच होती. बाबा ओसरीवर बसून नुसतेच फुंकत राहायचे. गाल फुगायचे, नाकानं श्वास आत जायचा, तोंडातून वारा चालूच, आणि आवाज कुठंच नाही. मला ते बघवायचं नाही. त्यांच्या मागं बसून सूर धरणारा नागोराव तोवर इचोड्याच्या बँडमध्ये गेला होता. त्याची सुराची सनई, एकच स्वर देणारी, तेवढी आमच्या पिशवीत राहिली.

जत्रेच्या कमिटीचे उद्धवराव घरी आले. मी तेव्हा माहेरी होते. त्यांनी चहा घेतला, तब्येत विचारली आणि उठता उठता म्हणाले, "डोमाजी, औंदा कॅसेट लावू. आदिलाबादहून चांगली आनतो म्या. तुमी आराम करा."

"आन् मान?" बाबांनी विचारलं.

"कमिटीपाशी राहीन. तुमच्यानंतर घरात हायच कोन?"

मी त्यांच्यासमोरचा कप उचलत होते. चांगली धडधाकट, डोळ्यांना दिसेल एवढी.

माझा नवरा देवाजी याचं इचोड्याला हायवेवर रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. एका ऑर्केस्ट्रानं नागपूरला जाता जाता एक बंद पडलेला कीबोर्ड त्याच्याकडे टाकला होता. पुढं तो ऑर्केस्ट्राच फुटला आणि कीबोर्ड न्यायला कोणी फिरकलं नाही. देवाजीनं तो चालू केला. भजनी मंडळात मी पेटी वाजवायचे, त्यामुळे पट्ट्यांवर हात बसायला वेळ लागला नाही. त्या कीबोर्डाची एक गंमत होती. त्याच्यात वाद्यांचे आवाज भरून ठेवलेले नव्हते. पत्ती कशी थरथरते, नळीतून वारा कसा जातो, याचा आतल्या आत हिशोब करून तो तिथल्या तिथं आवाज घडवायचा. जगात कुठंच नसलेली सनई म्हणा ना. त्याच्यासोबत डोक्याला अडकवायची एक पट्टी होती, पट्टीला तोंडात धरायची बारकी नळी, आणि नळीतून एक वायर कीबोर्डात. कीबोर्डाची पट्टी दाबली की स्वर ठरायचा, पण फुंकल्याशिवाय हूं की चूं नाही.

नळीचा उपयोग कळला तेव्हा देवाजी हसत बसला. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "हे उचला आन् गावाले चला."

"कायले?"

"फुंक बाबांची, बोटं माही."

ओसरीवर आम्ही तिघं बसलो. पहिल्यांदा देवाजीनं फुंकेला नुसता आवाजाचा लहानमोठेपणा जोडला. बाबांनी फुंकलं, मी पट्ट्या दाबल्या. बाबा नळी काढून म्हणाले, "हा तं रेडू हाय. कोनतरी बटन पिळून राह्यलं."

खरंच होतं ते. सनई जोरात फुंकली की नुसती मोठी होत नाही, तिला धार येते. मग देवाजीनं धारही फुंकेला जोडली. हळू फुंकलं की आवाज ओलसर, झाकलेला. जोर केला की उघडा, तिखट. स्वरही किंचित जोडला. फुंक चढली की तो खालून वर सरकून आपल्या जागी बसायचा. बाबांच्या कपाळावरची आठी गेली. पण दुसरं दुखणं उभं राहिलं. सूर लांबवला की आवाज हेलकावे खायचा. दर थोड्या वेळानं खोल खड्डा. देवाजी पेचकस घेऊन सगळे खटके फिरवून थकला.

"वायर खराब हाय," तो म्हणाला.

"वायरीले काई झालं नाई," मी म्हटलं. "बाबांच्या नाकाकडं पाहा."

नाकानं श्वास ओढताना बाबा गालातला साठवलेला वारा सोडायचे. तेवढ्यापुरता जोर थोडा पडायचा. खऱ्या सनईची ताठ पत्ती ते झाकून घेते. हे यंत्र चहाडखोर, सगळं बाहेर सांगायचं. आणि आम्ही त्याचं शून्य, म्हणजे जिथून पुढं फुंक मोजली जाते ती जागा, लावलं होतं बाबांचं तोंड मिटलेलं असताना. सनई धरल्यावर माझा बाप शून्यावर कधी येतच नाही. त्यांचा जोर पडतो तो गालांच्या वाऱ्यापर्यंत. तेव्हा शून्य तिथंच, गालांच्या वाऱ्याच्या जरा खाली लावायला हवं, ते ओलांडताच आवाज भरून यायला हवा, आणि तिथून वरची चढण सावकाश हवी. देवाजीनं तसं केलं. बंद बाटलीत फुंकल्यासारखं वाटतं अशी बाबांची तक्रार होती, म्हणून नळीला सुईनं बारीक भोक पाडलं. मग बाबांनी फुंक धरली आणि ती तुटलीच नाही. शेजारची जयवंताबाई भाकरी तव्यावर टाकून बघायला आली. मी पट्ट्यांवर रडत होते, सांगायला लाज कसली.

जत्रेच्या दिवशी मांडवाच्या माइकवाल्याकडून लाइट घेऊन, कीबोर्ड त्याच्या कर्ण्याला जोडून आम्ही देवळाच्या दारात मांडामांड केली. शेजारच्या टेबलावर टेप होता, त्यात कॅसेट घातलेली. उद्धवराव आले.

"हे मशीन हाय, चंद्रभागा. देवापुढं मशीन चालत नसते."

"मंग तुमची कॅसेट काय झाडाले लागते?"

चार माणसं हसली. उद्धवरावांना ते झोंबलं. "फुंक डोमाजीची असन तं वाजवा," ते म्हणाले. "पन तू तोंड लावायचं नाई. आन् इकडं आवाज निंगला नाई, का आमी कॅसेट लावू."

पुजाऱ्यानं तीर्थ आणलं. दरवर्षी पहिल्या फुंकेआधी सनईची पत्ती तीर्थात भिजवतात. ताडपानाची पत्ती ओली झाल्याशिवाय बोलत नाही. बाबांनी जन्मभर तेच केलं होतं. त्यांनी डाव्या हातानं पट्टी डोक्यावरून काढली, नळी तीर्थात बुडवली, वर एक ओढही घेतली, चांगली मुरावी म्हणून. माझं लक्ष पट्ट्यांवर होतं. देवाजी ओरडेपर्यंत उशीर झाला होता.

बाबांनी फुंकलं. काहीच नाही. पुन्हा फुंकलं, गाल ताणले, डोळे लाल झाले. आत पाणी गेलं होतं. मांडवात आधी कुजबुज झाली आणि मग कोणीतरी तोंडानं सनईची नक्कल केली. बाबांनी मान खाली घातली. आजारात, हात गेल्यावरसुद्धा, मी त्यांना मान खाली घालताना पाहिलं नव्हतं.

"बस झालं," उद्धवराव म्हणाले आणि टेपाकडे वळले.

मी नळी ओढून काढली, तोंडात धरली आणि आतलं पाणी शोषून जमिनीवर थुंकले. महादेवाच्या दारात, सगळ्या गावासमोर. एक म्हातारी "अगं बाई" म्हणाली. उद्धवरावांचं बोट बटणावर होतं. बाबांच्या डोक्यावर पुन्हा पट्टी बसवेपर्यंत कॅसेट सुरू झाली असती, आणि आजोबांपासूनचा मान एका टेपाला गेला असता. मी नळी तोंडातच ठेवली आणि फुंकलं.

आवाज आला नाही. शून्य बाबांच्या गालांवर लावलेलं होतं, माझी फुंक तिथवर पोचतच नव्हती. देवाजीनं ते खाली आणायला पेचकस पुढं केला. मी मान हलवून नको म्हटलं. माझ्यासाठी काही खाली आणायचं नव्हतं. पोटातून सगळा जोर काढला आणि पुन्हा फुंकलं.

सूर आधी खालून घसरत आला, मग जागेवर बसला. कर्ण्यातून तो थेट बैलगाड्यांच्या तळापर्यंत गेला असणार, कारण तिकडचा गलबला थांबला.

"बंद कर," उद्धवराव म्हणाले. "बाईची फुंक चालत नाई. डोमाजी, सांगा तुमच्या पोरीले."

माझा श्वास तिथंच संपला आणि सूर तुटला. बाबांसारखं नाकानं ओढणं मला कोणी शिकवलंच नव्हतं. मी बाबांकडे पाहिलं. ते रागावले असते तरी मी थांबले नसते, पण पाहिलं खरं.

बाबा पिशवीत हात घालून काहीतरी शोधत होते. त्यांनी नागोरावाची सुराची सनई बाहेर काढली. तिच्यावर बोटं फिरवावी लागत नाहीत, धरायला एक हात पुरतो. पत्ती जिभेवर ओली करत ते म्हणाले, "पयली फुंक पडली, उद्धवराव. माह्या घराची हाय. बटनावरचा हात काढा."

उद्धवरावांनी आजूबाजूला पाहिलं. बाजूनं बोलायला कोणी पुढं आलं नाही. पुजारी तर कधीचा पालखीपाशी जाऊन उभा होता.

"तोडू नको आता," बाबा मला म्हणाले. "तुही फुंक सरन तिथं म्या हाय."

सूर धरणाऱ्यानं मुख्य सनईच्या मागं बसायचं असतं, हा आमच्याकडचा नेम. बाबांनी पाय ओढत माझ्यामागं जागा केली, बसले आणि सूर धरला.