तिसऱ्या टप्प्यातला रॅम्प

दार उघडलं आणि पुढं जमीनच नव्हती.

टप्पाताईंचा माउसवरचा हात जागच्या जागी थांबला. पडद्यावर हॉस्पिटलच्या पहिल्या मजल्याचं दार सताड उघडं होतं आणि दारापलीकडे नुसती पोकळी. एक मजला खाली अंगणातल्या फरशा दिसत होत्या. मागे वॉर्ड, अंगणाच्या पलीकडे ऑपरेशन थिएटर आणि मधे काहीच नाही. इकडे ऑफिसात फाइल वेळेत गेली म्हणून केक कापून झाला होता. कोणीतरी हाक मारली, "ताई, या लवकर, संपतोय हं!"

"आले, आले," त्या म्हणाल्या, पण खुर्चीतून हलल्या नाहीत.

त्यांची ही जुनी खोड होती. इमारतीचं मॉडेल पूर्ण झालं की त्या एक स्ट्रेचर ढकलायच्या. खरं स्ट्रेचर नव्हे. संगणकातल्या इमारतीत शिरायचं आणि वॉर्डपासून थिएटरपर्यंत एकेक पाऊल चालत जायचं. काम संपल्यावर हा उद्योग कशाला, असं कोणी विचारलं तर म्हणायच्या, "अहो, जाणारा माणूस उताणा पडलेला असतो. त्याला वरचं छत तेवढं दिसतं. रस्ता कोणीतरी आधी बघून ठेवायला नको का?" आज फाइल पाठवायची घाई होती, म्हणून त्यांनी आधी फाइल पाठवली आणि चालायला नंतर घेतलं.

हे काम मुळातच नाकी नऊ आणणारं होतं. जुनं हॉस्पिटल थोडं थोडं पाडायचं, तिथंच नवं उभारायचं आणि तेही एक दिवस बंद न ठेवता. त्यामुळे मॉडेलमधल्या प्रत्येक भिंतीला, दाराला, पाइपाला दोन गोष्टी चिकटवलेल्या असत: कोणत्या टप्प्यात आलं आणि कोणत्या टप्प्यात जाणार. टप्पा निवडला की त्या वेळचं हॉस्पिटल जसंच्या तसं पडद्यावर उभं राहायचं. ताईंचा सगळा जीव या दोन नोंदींत. कोणी काही दाखवायला आणलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "कोणत्या टप्प्यातलं?" त्यावरून पाइपांचं काम बघणाऱ्याने त्यांचं नाव टप्पाताई पाडलं, आणि ते इतकं मुरलं की पगाराच्या दिवशी हिशेबनीसही त्याच नावाने हाक मारायचा. डबा उघडला तरी शेजारचा विचारी, "ताई, ही भाजी कालच्या टप्प्यातली की आजच्या?" त्याही हसून म्हणायच्या, "कालची आहे. आज पाडायची."

मॉडेलच्या फाइली अनेक होत्या. जुनी इमारत एकीत, नवी दुसरीत, पाइप आणि वायरी तिसरीत, बांधकामापुरत्या उभारायच्या गोष्टी आणखी एकीत. सगळ्या एकमेकींना जोडलेल्या, पण प्रत्येकीचा संसार वेगळा. आता हॉस्पिटलच्या समितीला एकच एकसंध फाइल हवी होती. अशा फाइली सरळ एकत्र केल्या तर मोठा घोटाळा होतो. पाहुणी फाइल यजमानाच्या घरात शिरते आणि आपल्या जुन्या नोंदी विसरते. पन्नास वर्षांपूर्वीची भिंतही म्हणू लागते, मी आजचीच. म्हणून ताईंनी एकत्र करण्याआधी प्रत्येक वस्तूवर तिच्या दोन्ही नोंदींची चिठ्ठी चिकटवली, मग फाइली जोडून एक केल्या आणि चिठ्ठी वाचून प्रत्येकीला तिचे टप्पे परत दिले. डोळ्यांत तेल घालून केलेलं काम होतं ते. साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "हे दुसऱ्या कोणाला जमलं नसतं." आणि ते खरंच होतं.

मग रॅम्प गेला कुठं?

ताईंना ते कळायला वेळ लागला नाही. फाइली स्वच्छ करण्याचा त्यांचा स्वतःचा एक नियम होता. जी वस्तू ज्या टप्प्यात आली त्याच टप्प्यात गेली, ती कोणाच्या तरी हातून चुकून पडलेली. कोणी भिंत आखतं, आवडली नाही म्हणून लगेच पाडतं आणि पुसायचं विसरतं. असा कचरा त्या डोळे मिटून काढून टाकत. या कामातही त्यांनी तसंच केलं होतं. पण तिसऱ्या टप्प्यातला रॅम्प हा कचरा नव्हता. वॉर्ड आणि थिएटर जोडणारा जुना पूल पाडायचा, नवा पूल व्हायचा, त्या मधल्या काळात पेशंटला न्यायला लोखंडाचा, वरून झाकलेला तो रॅम्प. पूल पाडायच्या आधी उभा करायचा, नवा पूल झाला की काढायचा. एकाच टप्प्यात आला, त्याच टप्प्यात गेला. ताईंच्या नियमाने तो केराच्या टोपलीत गेला होता. त्याला लटकवलेला ऑक्सिजनचा पाइपही गेला आणि धूळ अडवणारा पडदाही.

आणि जुना पूल उद्या सकाळी पाडायला घेणार होते.

साहेबांच्या हातात केकची बशी होती. ताईंनी त्यांच्या खोलीत शिरून दार लोटून घेतलं, तेव्हाच त्यांनी ती खाली ठेवली.

"काय झालं? चेहरा का असा?"

"साहेब, तिसऱ्या टप्प्यातला रॅम्प फाइलीत नाही. मी काढून टाकलाय."

साहेब माणूस चांगला आणि कामात पक्का. आरडाओरडा त्यांनी केला नाही. क्षणभर छताकडे बघितलं. "मूळ फाइल आहे ना?"

"आहे. मूळ फाइलींना मी हात लावत नाही, प्रतींवर काम करते. पण एकटा रॅम्पच नाही, तात्पुरतं सगळंच गेलंय. पुन्हा बसावं लागेल."

"मग बसा. झालं की नवी फाइल जुनीच्या जागी ठेवून देऊ, गुपचूप. कोणाला कळतंय?"

"फाइल गुपचूप बदलता येईल हो. पण तोडकामवाल्यांनी दुपारीच कागद छापून घेतलेत. ते कसे बदलणार?"

साहेबांनी फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. तोडकामाचा मुकादम नवीन होता, पण कामाचा माणूस वाटला. "कागदावर पूल लाल केलाय साहेब. लाल म्हणजे तोडायचा. त्याच्याआधी काही उभं करायचंय असं कुठं लिहिलेलं नाही. माणसं सकाळी येतायत, मशीन आत्ताच येऊन उभं राहिलंय."

"उद्या थांबा जरा."

"थांबतो की. पण तोंडी नको. मशीनचं भाडं माझ्या डोक्यावर बसेल. कागद चुकला असं समितीकडून लेखी येऊ द्या, मी हातोडीसुद्धा उचलत नाही."

साहेबांनी फोन बंद केला. "वॉर्डातले लोक बघतील ना," ते म्हणाले, पण त्यांचा त्यांनाच विश्वास नव्हता. "रस्ता बंद होतोय म्हटल्यावर आरडाओरडा करतील."

"पूल पडल्यावर करतील," ताई म्हणाल्या.

"समितीला फाइल मागे घेतो म्हणून कळवायचं तर कारण लागतं. चूक कोणाची, ते नावानिशी विचारतात. तुमचं करारपत्र याच महिन्यात त्यांच्यापुढे जायचंय. निदान महिनाभर तरी तुमचं नाव पुढं यायला नको... मी लिहितो, संगणकात बिघाड झाला म्हणून."

ताईंच्या मनात त्या क्षणी काय काय येऊन गेलं! लेकीच्या कॉलेजचं शेवटचं वर्ष. घरात नियमित येणारा पगार हा एकच. चौदा वर्षं त्या करारावरच होत्या, दर वर्षी नवा कागद, दर वर्षी तेवढीच धाकधूक. बिघाड म्हटलं असतं तर कोणाचं काय बिघडणार होतं? त्यांना मोह झाला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. त्या खुर्चीत बसल्या, पदराने कपाळ पुसलं.

"बिघाड म्हटलं की ते संगणक कंपनीच्या माणसाला बोलावणार," त्या म्हणाल्या. "तो दोन दिवस मशीन तपासणार. काही सापडणार नाही. मग म्हणतील, फाइल बरोबरच असेल, पाडा पूल. साहेब, माझी चूक लिहा. काय चुकलं ते नेमकं लिहा, म्हणजे लगेच पटेल."

"ताई, विचार करा."

"केला. आत्ता वॉर्डात जे झोपलेत त्यांचा केला."

मजकूर त्यांनीच सांगितला. त्यात आडपडदा नव्हता आणि रडगाणंही नव्हतं. साहेबांनी तो टाइप केला, पुन्हा एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पाठवला. दिवेलागणीच्या आत समितीचं उत्तर आलं, मुकादमाला पत्र गेलं, आणि ताई आपल्या जागेवर जाऊन मूळ फाइल उघडून बसल्या. केकचा एक तुकडा कोणीतरी त्यांच्या टेबलावर झाकून ठेवला होता.

घरी गेल्या तेव्हा नवरा दारातल्या खोलीत कोणाचं तरी शिलाईयंत्र खोलून बसला होता. त्याचा धंदाच तो. त्यांनी चपला काढता काढता सगळं सांगितलं. त्याने हातातला स्क्रू दिव्यासमोर धरून पाहिला.

"म्हणजे, चौदा वर्षं तू स्वतः तात्पुरती," तो म्हणाला, "आणि तात्पुरतंच तेवढं वेचून फेकून दिलंस?"

ताई हसत सुटल्या. इतक्या हसल्या की त्याला स्क्रू खाली ठेवावा लागला. मग हसू ओसरलं आणि त्या त्याच्या शेजारी टेकल्या. "अहो, कागद नाही आला यंदा तर?"

"तर नाही आला. माझ्या मशीनांना टप्पे लाव बसून." त्याने पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला. "पूल थांबला ना? मग बास."

पूल थांबला. पूर्ण फाइल गेली, नवे कागद छापले गेले, आधी रॅम्प उभा राहिला आणि मगच जुन्या पुलाला मशीन लागलं. त्या रॅम्पवरून किती पेशंट गेले याची कोणी मोजदाद ठेवली नाही, आणि ठेवायचं कारणही नव्हतं. रस्ता असला की त्याचं कोणाला काय वाटतं? ताईंना समितीने काम संपेपर्यंत ठेवलं. पुढच्या कामासाठी माणसं निवडली तेव्हा मात्र त्यांचं नाव वगळलं. साहेब भांडले, पण उपयोग झाला नाही. निरोपाच्या दिवशी ताईंनी जागेवरचा पसारा आवरला आणि शेवटची फाइल एकदा उघडली. तिसरा टप्पा निवडला. रॅम्प आला. चौथा निवडला. रॅम्प गेला. दोन्ही नोंदी जागेवर होत्या. त्यांनी फाइल बंद केली आणि पाइपवाल्याला सांगितलं, "एकाच टप्प्यात आलं नि गेलं, तर पुसायच्या आधी विचार हं, कोणाच्या उपयोगाचं होतं."

त्याने त्यांची पिशवी उचलली आणि दारापर्यंत पोचवली.

पुढे नणंदेचं ऑपरेशन त्याच हॉस्पिटलात झालं तेव्हा ताई नवऱ्याबरोबर तिला बघायला गेल्या. नवा पूल लांबरुंद होता, दोन्ही बाजूंना काचा. मधोमध त्या थांबल्या. खाली अंगणात आता बाकं होती, झाडं लावली होती. वॉर्डाच्या भिंतीवर, बंद केलेल्या एका दाराखाली, रॅम्पचे बोल्ट होते तिथं गिलाव्याचे ठिपके दिसत होते, बाकी भिंतीपेक्षा किंचित उजळ.

"काय बघतेस?" नवऱ्याने विचारलं.

"इथं रस्ता होता."

त्याने काचेला नाक लावून पाहिलं. "कुठं? मला तर काही दिसत नाही."

"आता नाहीच आहे तो," त्या म्हणाल्या.

मागून चाकांचा आवाज आला. "बाजूला व्हा ताई, पेशंट आहे!" ट्रॉली ढकलणारा माणूस घाईत होता. ताईंनी नवऱ्याला बाहीने ओढून भिंतीशी घेतलं आणि स्वतः पदर सावरून अंग चोरून उभ्या राहिल्या. ट्रॉली समोरून गेली. तिच्यावरचा म्हातारा डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होता. थिएटरचं दार उघडलं, ट्रॉली आत गेली, दार मिटलं, आणि मगच ताई भिंतीपासून हलल्या.