डॉर्सी पडला त्या दुपारची टेप

मी एक जुनी टेप आहे, रिळावर गुंडाळलेली, ठिकठिकाणी पोपडे धरलेली. माझ्यात १९७४ सालच्या, अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या एका जत्रेची दुपार आहे. कंट्री, म्हणजे तिकडची गावरान गाणी गाणारी व्हर्लीन केट्स तेव्हा फार गाजत होती. तिचा कार्यक्रम माझ्यावर भरला गेला, याचा मला भारी ताठा होता.

मित्रांनो, तिकडच्या गाणाऱ्यांच्या ताफ्यात एक विदूषक हमखास असायचा. व्हर्लीनचा विदूषक म्हणजे तिच्या ताफ्यात बास, ते माणसाएवढं तंतुवाद्य, वाजवणारा डॉर्सी प्रुइट. पुढचा दात काळा करायचा, ढगळ विजार घालायची, दोन गाण्यांच्या मध्ये धडपडायचं आणि बाईंची बोलणी खायची, हे त्याचं काम. त्या दुपारी सहावं गाणं संपलं आणि डॉर्सी बाससकट आडवा झाला.

"ऊठ की रे ऐदोबा," व्हर्लीन म्हणाली, "लोक गाणं ऐकायला आलेत, तुझं घोरणं नव्हे."

मंडप हसून लोटपोट झाला. डॉर्सी पडल्या पडल्या काहीतरी बोलला, तर लोक आणखीच हसले. त्याचं हृदय बंद पडतंय हे कुणाच्या ध्यानात यायला पुढचं अख्खं गाणं जावं लागलं, आणि तोवर तो गेला होता. हसणाऱ्यांत त्याची आठ वर्षांची ओलेटाही होती. लाडाची म्हणून तिला मंचाच्या कडेला, माईकजवळ बसवलं होतं.

मग मी रेडिओ केंद्राच्या तळघरात पडले. ओल खाल्ली, चिकट झाले. कुणी साधी विचारपूस केली नाही. पन्नास वर्षांनी केंद्र मोडीत निघालं, तिथलं सामान विकायला मांडलं, तेव्हा साठीला टेकलेल्या ओलेटाने डब्यावरची तारीख ओळखली. ती मला घेऊन नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत गेली.

"गाणी तुम्ही ठेवा," ती तिथल्या जुन्या टेपा दुरुस्त करणाऱ्या वेनला म्हणाली. "बाबा पडल्यावर काय बोलले, तेवढं मला ऐकवा. आई मरेपर्यंत विचारत होती. म्हणायची, तू तर शेजारीच होतीस ना गं."

वेनने मला आठ तास मंद आचेवर भाजलं. ओल खाल्लेल्या टेपा अशाच बोलत्या करतात. मी जिवाच्या कराराने वाजले. सहावं गाणं झालं, धप्प झालं, व्हर्लीन बोलली. डॉर्सीने तोंड उघडलं आणि त्याच्यावर एका पोरीचं खिदळणं आलं, अगदी जवळून, खणखणीत, त्याच्या शेवटच्या शब्दापर्यंत.

वेनने दिवसभर खटपट केली. खिदळणं पुसलं की डॉर्सीही पुसला जायचा.

"ही कोणाची कार्टी आहे कोण जाणे," तो वैतागला. "जरा गप्प बसली असती, तर मिळालं असतं सगळं."

"हो ना," ओलेटा म्हणाली आणि कोट घालून निघून गेली.

मी आता काचेच्या पेटीत असते. माझा अल्बम निघाला. त्यात ते खिदळणं मुद्दाम ठेवलंय, कारण त्याने जत्रा जिवंत वाटते म्हणे. लोकांना तेच सर्वांत आवडलं. अल्बम काढणाऱ्या कंपनीने ओलेटाला दोन प्रती पाठवल्या आणि सोबत चिठ्ठी लिहिली, "ती गोड हसणारी छोकरी आम्ही शोधतोय. तुमच्या ओळखीची असेल तर कळवा, तिचा सत्कार करायचा आहे."

मित्रांनो, माझ्यासारख्यांना कोरड्या जागी ठेवा. आणि कुणी पडलं, तर हसण्याआधी एकदा वाकून बघा.

ओलेटाने अजून काही कळवलेलं नाही.