शहानशहांचा सिंह

"डोळे उघडे आहेत का त्याचे?" माहदादने कुजबुजत विचारलं.

"एक उघडा आहे," वर्दान म्हणाला. "दुसरा गेल्या हिवाळ्यापासून उघडतच नाही."

माहदाद हा इराणच्या शहानशहांच्या राजधानीतला, तेसिफोनचा, चांदीवर कोरणारा कारागीर. राजाच्या शिकारीची दृश्यं कोरलेली ताटं घडवण्यात त्याची तीस वर्षं गेली, पण जिवंत सिंह तो आज प्रथमच पाहत होता. यंदाचं ताट शिकार डोळ्यांनी पाहून घडवायचं, असा हुकूमच होता. वर्दान शिकारबागेतला सिंहपाळ. समोर गवतात पसरलेला सिंह त्यानेच छावा असल्यापासून वाढवला होता.

शहानशहांचा पहिला बाण खजुरीच्या खोडात रुतला. दुसरा सिंहाच्या डोक्यावरून गेला. सिंहाने जांभई दिली.

"उठव त्याला," शिकारीवरचा अंमलदार वर्दानवर खेकसला.

वर्दान काठी घेऊन गेला. "ऊठ रे बाबा, राजे आलेत." सिंह उठला, त्याचा हात चाटला आणि पुन्हा बसला.

अखेर वर्दानला मागे ओढून एका भालाईताने काम उरकलं. मग तिसरा बाण चार पावलांवरून नेमका बसला. जयजयकार झाला.

"काय पाहिलंत?" घरी माहदादच्या बायकोने, दीनकने, विचारलं.

"ते कोरलं तर तू विधवा होशील."

"मग नेहमीचंच कोरा. तीस वर्षं न पाहता भागलंच की."

पण नेहमीच्या सिंहावर माहदादचा हात चालेना. तो उठून शिकारबागेत गेला. "तरुणपणी कसा होता तो?" त्याने विचारलं. वर्दान दुपारभर सांगत राहिला. आयाळ, झेप, एका पंजात लोळवलेलं रेडकू.

ताट तयार झालं. अंमलदाराने भुवया उंचावल्या. "राजापेक्षा सिंहच मोठा दिसतोय."

"हुजूर, लहानसा सिंह मारून कुणाची कीर्ती वाढते?"

अंमलदाराने क्षणभर विचार केला. "एवढाच होता तो. मी होतो ना तिथे," तो म्हणाला आणि पसंतीचा शिक्का देऊन गेला.

संध्याकाळी वर्दान आला. ताटावरच्या राजाकडे त्याने पाहिलंही नाही. बराच वेळ तो सिंहापुढे वाकून उभा होता.

"डावा कान फाटलेला होता त्याचा," तो हळूच म्हणाला. "लहानपणी कुंपणात अडकला होता."

शिक्का बसलेल्या ताटाला हात लावायची सोय नव्हती. माहदादने दार लोटून घेतलं आणि बारीक छिन्नी उचलली.

"घट्ट धर," तो म्हणाला. वर्दानने ताट दोन्ही हातांनी धरलं.