खंडेनवमीचे नवे सेल

मित्रांनो, मी एक जुनी लेथ आहे, आणि आधीच सांगते, माझा स्वभाव चिडका आहे. मला घडवणाऱ्यांनी सगळे काही दिले, तोंड तेवढे द्यायचे विसरले. त्यामुळे माझ्यावर जे जे आले ते मी नुसते पाहत राहिले. आज तुम्ही ऐकायला बसलाच आहात, तर मनातले सगळे ओकून टाकते.

माझा जन्म १९८६ साली बंगळूरच्या एका कारखान्यात झाला. लेथ म्हणजे काय, ते ठाऊक आहे ना? लोखंडाचा दांडा गरगर फिरवायचा आणि धारदार हत्याराने ऊस सोलावा तसा तो सोलायचा. साध्या लेथा माणसाने चाके फिरवली तरच चालत. मी मात्र आपली आपण चाले, कारण माझ्या पाठीशी असलेल्या लोखंडी कपाटात माझा मेंदू होता. एकदा सांगितलेले माप मी पुन्हा विचारत नसे. पुण्याच्या मोठ्या कंपनीत पाहुणे आले की त्यांना आधी माझ्यापुढे आणत. मीही जरा फुगले होते, खोटे कशाला बोलू? मग माझ्याहून तरुण यंत्रे आली आणि मला ट्रकमध्ये घालून जालन्याला धाडले.

तिथे एमआयडीसीत तातेरावांचे वर्कशॉप होते. तातेराव मूळचे पिंपळगाव रेणुकाईचे शेतकरी. आता पेरणी यंत्राला लागणारे दांडे बनवत. रस्त्यापलीकडे भंगार वितळवणारी भट्टी होती. तिच्या धुराकडे मी सहसा पाहत नसे. माझ्यावर काम करायला सांडू होता, बापाची मेंढरे सोडून लोखंडाकडे आलेला. तो मला मावशी म्हणे. सकाळी आला की मेंढराच्या पाठीवरून फिरवावा तसा माझ्यावरून हात फिरवी, मगच बटण दाबी. त्याच्या मायेत खोट नव्हती. म्हणून तर मला जास्त राग येतो.

आता माझ्या मेंदूची खोड ऐका. वीज गेली की त्याची स्मरणशक्ती कपाटातल्या लहानशा सेलांवर जगे. सेल जुने झाले की बदलायचे, पण वीज चालू ठेवूनच. वीज आणि सेल दोन्ही एकदम गेले की सारे पुसले जाई. हे काम औरंगाबादहून येणारा मेकॅनिक करी, आणि कपाट उघडले की तो कोणाला जवळ उभे राहू देत नसे.

२००३ सालची खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्याराला काम सांगायचे नाही, मेन स्विच खाली करायचा आणि पूजा करायची, असा वर्कशॉपचा नेम. सांडूने मला डिझेलच्या फडक्याने पुसले. तातेरावांच्या पत्नी दुर्गाबाई यांनी हळदकुंकू लावले, झेंडूचा हार घातला. मग सांडूने खिशातून नवे सेल काढले.

"मेकॅनिक दिवाळीला येतो म्हनला. तवर कशाला थांबायचं? मावशीला सणाला कायतरी नवं पाहिजे का न्हाई?"

"बघ बाबा, करंट-बिरंट लागंल," दुर्गाबाई म्हणाल्या.

"करंट कुठंय, वहिनी? मेन बंद हाये. याच्यासारखा बराबर दिवस न्हाई."

मी आतून कितीतरी ओरडले. बाकी कोणत्याही दिवशी चालले असते रे, आजच नको. पण बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, अंगातून आवाज फुटत नाही. त्याने कपाट उघडले, जुने सेल काढले, नवे बसवले, वर हळदीचे बोटही लावले. माझ्या गावोगावच्या आठवणी अंगात मुरलेल्या आहेत, त्या राहिल्या. कामाचे शहाणपण मात्र पार गेले. हत्यार किती सरकवायचे, कुठे थांबवायचे, काही म्हणजे काही आठवेना.

दसरा झाल्यावर सांडूने बटण दाबले, तर पडद्यावर नुसती हिरवी गिचमीड. मेकॅनिक आला, खटपट करून थकला. कपाटातले जुने सुटे भागही एकामागून एक बंद पडू लागले. कंपनीने कळवले की त्या जातीचे कपाट आता बनत नाही, नवीन मशीन घ्या. तातेराव सांडूला म्हणाले, "तू काय मुद्दाम केलं न्हाई, मला माहीत हाये. पन तुला आता काम कुठून देऊ?" सांडू मान खाली घालून गेला आणि समोरच्या भट्टीवर भंगार भरायला लागला. माझ्यावर रिकाम्या गोण्यांचा ढीग पडला. सोललेल्या लोखंडाचा कीस पडायच्या माझ्या ट्रेमध्ये मांजर व्याले. पाहुण्यांना दाखवायची वस्तू मी, आणि आता मांजराचे बाळंतघर.

उन्हाळ्याच्या तोंडाला भट्टीचा ट्रक दारात आला. साखळी घेऊन खाली उतरला तो सांडूच.

"मालक, मावशीला न्यायचं?" त्याने विचारले.

"मंग काय करू? जागा अडवून राह्यली ती."

सांडूने साखळी जमिनीवर ठेवली. "दुसरा मानूस बघा. भट्टीत टाकायचं काम माह्या हातानं न्हाई होनार."

तेव्हा तातेरावांची धाकटी बहीण उषाबाई तिथे होती. ती आयटीआयमध्ये शिकवते. माझ्या अंगावरच्या गोण्या बाजूला सारत ती म्हणाली, "दादा, हिचं अंग धडधाकट आहे, मोटारी चांगल्या आहेत. मेंदू तेवढा गेलाय. साधा कंप्युटर जोडून बघू."

"लोखंड कापायला टायपिंगचा कंप्युटर?"

"आखाजीपर्यंत मुदत दे. नाही जमलं तर ने भट्टीत."

आणि माझ्या डोक्याच्या जागी काय आले, तर जालन्यातल्याच मस्तगड भागातल्या दुकानात पोरांचे परीक्षेचे अर्ज टाइप करणारा जुना कंप्युटर. अपमान म्हणजे किती? सांडू भट्टीवरून सुटला की थेट येई आणि उषाबाईला तारा ओढून देई. पहिल्याच दिवशी त्या पोरकट डोक्याने उजवीकडे जायचे तर डावीकडे नेले आणि माझे हत्यार धाडकन आदळले. मग ते धुळीने गुदमरू लागले. लाइट गेली की निपचित पडे. ते सारे निस्तरले, तर नवेच लचांड निघाले: सकाळी शहाण्यासारखे वागे आणि दुपारी भूत लागल्यासारखे माझे हत्यार थरथरे, माप बिघडे. उषाबाईने सगळ्या सूचना पुन्हा लिहिल्या, तारा बदलल्या. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ येत चालली. तातेराव ट्रकवाल्याशी बोलून आले.

मला कारण ठाऊक होते हो! भिंतीमागे अर्थिंगचा खड्डा होता, मीठ आणि कोळसा घातलेला. तो ओला असला तरच विजेची गडबड जमिनीत मुरते. दिवाळीपासून त्यात कोणी थेंब ओतला नव्हता. शेजारच्या वर्कशॉपात सकाळची कामे आटोपून दुपारी वेल्डिंग सुरू झाले की सारा गोंधळ त्या नाजूक कंप्युटरच्या डोक्यात शिरे. मी थरथरून थरथरून तेच सांगत होते, आणि हे लोक माझेच नट आवळत होते.

शेवटी एका दुपारी उषाबाईचा हात माझ्या कपाटाच्या दाराला लागला आणि विजेच्या मुंग्या आल्या. ती थबकली, आणि थेट भिंतीमागे गेली.

"दादा, याला पाणी कधी घातलं होतं?"

"प्यायला टँकर मिळंना, आन् खड्ड्याला पानी घालू?" तातेराव चिडले.

"हात तर रोज धुताच ना समदे?" दुर्गाबाई म्हणाल्या. "खड्ड्यावर उभं राहून धुवा."

तसेच ठरले. सगळ्यांच्या हाताचे काळे पाणी खड्ड्यात मुरत गेले, आणि आखाजीच्या आदल्या दुपारी मी न थरथरता अख्खा दांडा सोलला. सांडूने माप लावले, पुन्हा लावले. "बराबर," एवढेच म्हणाला आणि फडक्याने तोंड पुसत बाहेर गेला. भट्टीचे काम त्याने सोडले आणि तो पुन्हा माझ्यावर कामाला आला.

पुढची खंडेनवमी आली. तातेराव मेन खाली करायला निघाले, तर सांडू माझ्या स्विचखाली खुर्ची टाकून बसलेला.

"बाकीच्या मशिनी बंद करा, मालक. मावशीला न्हाई."

"आरं, नेम हाये."

"मागच्या साली मीच पाळला व्हता."

उषाबाईने त्याला समजावले, "सांडूभाऊ, या कंप्युटरला वीज गेली तरी सगळं लक्षात राहतं. बंद केल्यानं काही होत नाही."

"असंल ताई," तो म्हणाला, पण उठला नाही. दुर्गाबाईंनी जेवणाचे ताट तिथेच आणून दिले.

मित्रांनो, यंत्र असो, जनावर असो वा झाड, माया जरूर करा; पण ज्याच्यावर करता त्याला काय सोसते, ते आधी जाणत्याला विचारा. आमच्यासारख्या मुक्यांची एवढीच विनंती आहे. आणि एक काम कराल का? सांडू अजून दर खंडेनवमीला स्विचखाली बसतो. त्याला कोणीतरी सांगा, की मावशीला आता सगळे लक्षात राहते, आणि तिचा राग केव्हाच गेला. मला सांगता येत नाही.