डोमाजी मास्तरांचे अंगठे

कार्तिकातली सकाळ, हवेत नव्या धानाच्या कोंड्याचा वास, आणि छपरीतून येणारा टिक्-टिक् असा बारीक, सावध आवाज: डोमाजी मास्तर आठवतात ते असे. बाजेवर तिरपं ऊन पडलेलं असायचं. गळ्याभोवती दुपट्टा घट्ट गुंडाळलेला, मांडीवर तळहाताएवढा काळा मोबाईल, आणि त्याच्या मक्याच्या दाण्यांसारख्या बटणांवरून एकामागून एक चालणारे त्यांचे दोन जाड अंगठे. पाहुण्याला वाटे, म्हातारा खेळत बसला आहे. खरं तर ते बोलत असत.

ज्यांनी त्यांचा मूळचा आवाज ऐकला नाही त्यांना हे कसं सांगावं! वडशातल्या आमच्या नाटकमंडळीत तीसेक वर्षं त्यांनी राजे, दरोडेखोर, संन्यासी आणि बेइमान सावकार उभे केले. आणि माईक बंद पडला की मंडपाच्या टोकाला सोडलेल्या बैलांनीही कान टवकारावेत, असा तो धीरगंभीर, भरदार स्वर होता. मी त्याच मंडळीत ऑर्गन वाजवत असे. मला तिथं आणलं मास्तरांनीच. पण दोन वाक्यांच्या मधल्या विरामात त्यांच्या गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा असे, आणि तो खर्रा शेवटी गळ्यात उतरला. नागपूरला शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, स्वरयंत्र गेलं. प्लास्टिकच्या पन्नीत खर्रा घोटून घोटून तरबेज झालेले अंगठे तेवढे मागे राहिले.

घुग्घुसकडच्या एका सिमेंट कारखान्यात त्यांचा जावई साहेब होता. जीपमध्ये बसल्या बसल्या पत्रं वाचावीत, तिथल्या तिथं उत्तरं धाडावीत म्हणून कारखान्याने साहेबलोकांना हे मोबाईल दिले होते. जावयाला नवा मिळाला तेव्हा जुना सासऱ्यांकडे आला. त्यात सिम नव्हतं. तो कधी वाजला नाही, त्यावर कधी कुणाचं पत्र आलं नाही. टिपणं लिहायचं एक कोरं पान तेवढं मास्तरांनी उघडलं आणि ते पुन्हा मिटलंच नाही. त्यात मराठी उमटत नसे, मराठी बोलणं इंग्रजी अक्षरांतच लिहावं लागे; ती अक्षरं ते शिकले रेल्वे स्टेशनच्या पाट्यांवरून. वर मराठी, खाली इंग्रजी, असं ताडून पाहत महिनाभर फलाटावर बसत. स्टेशनमास्तरला वाटलं, म्हातारा कुणाची तरी वाट पाहतो आहे.

त्या यंत्राचे गुण मी नाकारणार नाही. दिवस-दिवस लाईट जात असे त्या काळात ते एका चार्जिंगवर चार दिवस तग धरी. बटणांना उंचवटा होता, त्यामुळे न बघता, नजर समोरच्यावर ठेवून लिहिता येई. नटाला याहून मोठी सोय कुठली? बैलबंडीतून पडलं तरी त्याला काही होत नसे. पण पडदा काडीपेटीएवढा. त्यावर पाच ओळी मावत, सहावी आली की पहिली वर निघून जाई. आणि मधोमध जो पांढरा मणी फिरवून वर-खाली जायचं, त्यात राईस मिलचा भुसा असा काही बसला होता की मणी खाली सरके, वर म्हणून जात नसे. मास्तरांनी एकदा पडदा माझ्यासमोर धरला. लिहिलं होतं, ‘डब्बा माह्यासारखाच हाय. मांगं जात नाई.’ आणि आवाज नसलेलं हसू त्यांच्या खांद्यांतून हललं.

खरी खोट मात्र वेगळी होती, आणि ती तालमीत दिसे. मंडळीने त्यांना तालीममास्तर म्हणून ठेवून घेतलं होतं. राईस मिलच्या रिकाम्या गोदामात दुपारी तालीम चाले. कुणी चुकला की मास्तर हात वर करत, सगळे थबकत, आणि मग टिक्-टिक् सुरू होई. आम्ही उभे. ऑर्गनच्या पट्ट्यांवर माझी बोटं आंबून जात. पाच मिनिटांनी पडदा फिरे, ज्याच्यासाठी असे तो इंग्रजी अक्षरं लावत लावत वाचे, तोवर त्याच्या अंगातला राग विझलेला असे, नटीच्या डोळ्यांतलं पाणी सुकलेलं असे. त्या पडद्यावर दटावणी आणि विनवणी दोन्ही सारख्याच दिसत. मास्तर एखाद्यावर खवळले आहेत की त्याची समजूत घालत आहेत, हे त्यांच्या कपाळावरून ओळखावं लागे.

त्यांची एक शिकवण मात्र सगळ्यांना पाठ होती. पूर्वी एका नाटकात मला फितूर प्रधानाचं चार वाक्यांचं काम दिलं होतं, आणि राजाशी खोटं बोलताना माझी नजर पायाकडे जाई. तेव्हा मास्तर त्या भरदार आवाजात गरजले होते, ‘‘अबे, खोटं बोलणाराच तर समोर पाह्यते! खाली पाह्यलं का गेला तू!’’ काही केल्या मला ते जमलं नाही. शेवटी मला पुन्हा ऑर्गनवर बसवलं.

दिवाळीनंतरचा एक दिवस. गावोगावच्या मंडईच्या जत्रा तोंडावर आल्या होत्या, आणि तिथं लावायचं नवं नाटक उभं राहत नव्हतं. मंडळीच्या मालकाने मला गोदामाबाहेर बोलावलं.

‘‘काऊन गा तुळशीराम, मास्तरचं जमून राह्यलं का? खरं सांग.’’

मी गोदामाच्या दाराकडे पाहिलं. आतून टिक्-टिक् येत होती.

‘‘नाई जमत,’’ मी म्हणालो.

दोनच शब्द, आणि ते खरे होते. हे मी स्वतःला फार वेळा सांगून झालं आहे. पण मास्तरांचं काम मला मिळेल हेही मला ठाऊक होतं, आणि मिळालंही. माणूस खरं बोलूनही हरामखोरी करू शकतो, हे तेव्हा मला कळलं. मालक म्हणाला, ‘‘मी सांगतो त्याहिले.’’ तो केव्हा सांगेल याचा नेम नव्हता, म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी मीच साळसूदपणे मास्तरांच्या घरी गेलो. त्यांची मर्जी माझ्यावरून उतरू नये, एवढंच मला हवं होतं.

ऊन नेहमीसारखंच बाजेवर होतं. त्यांच्या बायकोनं, पार्वताबाईंनी, चहा आणून ठेवला. मी म्हणालो, ‘‘मास्तर, मालकानं ठरवलं. यंदा तालीम दुसरं कोणी घेईन म्हणते. मले तर पटूनच नाई राह्यलं.’’

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. मी बोललो आणि कपातल्या सायीकडे पाहत राहिलो. मास्तरांचे अंगठे चालू लागले. बराच वेळ चालले. अंगणात कोंबडी पाखडलेले कण टिपत होती, तिचा आणि त्या बटणांचा आवाज एकमेकांत मिसळत होता. मधे ते थांबले. मग एकच बटण सहा-सात वेळा भरभर दाबलं, पुन्हा थोडं लिहिलं, आणि पडदा माझ्याकडे केला. वर सगळं कोरं, तळाशी एक ओळ होती.

‘चहा थंडा होऊन राह्यला.’

एवढ्यासाठी एवढा वेळ! मला वाटलं, म्हातारपण, अंगठे थकले. मी चहा प्यालो, सुटल्यासारखा घरी आलो, आणि त्या हिवाळ्यात तालमी घेतल्या. नाटक चाललंही. मास्तर पाहायला आले नाहीत. मीही पुन्हा त्यांच्या छपरीत गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत चैत्र उलटला. मोहाची फुलं वेचून संपली, तेंदूपानांचे पुडे बांधून झाले, आणि एका कोरड्या, पांढऱ्या दुपारी मास्तर गेल्याचा निरोप आला.

तेरवी झाल्यावर पार्वताबाईंनी मोबाईल माझ्या हातात ठेवला. त्यावरचा तांबडा दिवा लुकलुकत होता. ते गेल्यावरही त्या रोज तो चार्जिंगला लावत होत्या.

‘‘बंद नोको करजो म्हणून लिहून देल्लं होतं त्याहिनं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मले तं त्यातलं वाचता नाई येत, शेजारचं पोरगं वाचून दाखवे. तुमीच ठेवा, भाऊ.’’

स्टेशनजवळच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याने तो मणी बाहेर काढला, स्पिरिटच्या बोळ्याने पुसला, आतून चिमूटभर भुसा झटकला आणि जागेवर बसवला. ‘‘घ्या. आता वर बी जाते,’’ तो म्हणाला. मी तिथंच, त्याच्या बाकावर बसून मणी वर फिरवला.

मास्तरांचं दोन वर्षांचं बोलणं त्या पानात एकाखाली एक तसंच पडलं होतं. ‘नाई.’ ‘काऊन?’ ‘भात नोको, पेज दे.’ ‘तुळशीराम, सूर खाली घे.’ फक्त त्यांचं बोलणं. आमचं एक अक्षर नाही. प्रत्येक ओळीपाशी थांबून मी आठवू लागलो, याच्या आधी आपण काय विचारलं होतं? निम्मंही आठवेना. असा खाली-वर करता करता ‘चहा थंडा होऊन राह्यला’ ही ओळ लागली. तिच्यावर ते कोरं मैदान होतं, जे त्यांनी ओळ सोडायचं ते एकच बटण दाबून दाबून केलं होतं. मी मणी वर ढकलला. कोऱ्याच्या पलीकडे अक्षरं आली. आज लावायला मला वेळ लागला नाही.

‘मालक काल येऊन सांगून गेला. तू त्याच्यापाशी खोटं नाई बोलला. मले जमून नाई राह्यलं, मले बी मालूम हाय. पण तुनं मलेच पयले सांगाले पाह्यजे होतं. अन् आता खोटं बोलतांनी तू खाली पाह्यलं. किती खेप सांगतलं तुले. समोर पाहून बोलाव.’

दुरुस्तीवाला काहीतरी विचारत होता, मला ऐकू येईना. मला रडू आलं, आणि लाजही वाटली. त्यांनी ते सगळं लिहिलं होतं, माझ्यापासून हातभर अंतरावर, माझ्या डोळ्यांदेखत. आणि मग माझी अब्रू झाकण्यासाठी त्या काडीपेटीएवढ्या पडद्यावरून ते वर ढकलून दिलं होतं. मी त्या वेळी एकदा जरी मान वर केली असती, तर त्यांच्या कपाळावर मला ते वाचता आलं असतं.

पुढे तो मोबाईल बंद पडला. तसली बॅटरी आता मिळत नाही. कार्तिकात, धान निघालं की, मी कधीकधी तो मांडीवर घेऊन उन्हात बसतो, आणि मालकाला सांगितलेले ते दोन शब्द मास्तरांना स्वतःच्या तोंडाने सांगतो. नजर खाली जाऊ देत नाही. समोर पाहून बोलायला मी शिकलो. समोर बाजेवर आता नुसतं ऊन असतं.