माईंनी सांधलेली गिटार

चैत्रात आमच्या तुळजापूरच्या घरी दिसेल त्या वस्तूला ऊन दाखवायची रीत होती. डाळी, गाद्या, पोथ्या, शालू, सगळं अंगणात. मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्या सुमारास मी हैदराबादेहून सून होऊन इथं आले, आणि पहिल्याच चैत्रात सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, डाळीशेजारी माझी गिटारही उन्हात नेऊन ठेवली. मायेनंच ठेवली. पण संध्याकाळी उचलली तेव्हा तिच्या पुढच्या पातळ फळीला, तारा बांधतात तिथून खालच्या कडेपर्यंत, उभी चीर गेली होती.

मी मुळात रागीट, तेव्हा तर नाकावर राग असायचा. "ती काय तूरडाळ आहे?" असं म्हणाले नवऱ्यापाशीच, पण स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा बेतानं. मग मला रडू फुटलं. वडिलांनी हौसेनं शिकवलेलं तेवढं एकच माझं स्वतःचं होतं. ते गेलं तर ह्या घरात मी नुसती सून उरणार, ही खरी भीती होती.

आमचे हे, वसंतराव, शाळेत मास्तर. त्यांनी बिभीषण सुताराला बोलावलं. त्यानं चिरेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "आतून दोन पट्ट्या अन् सरस. लई बेस बसंल."

सरस हा शब्द ऐकताच माई ओसरीवर आल्या. जनावराचं कातडं उकळून केलेलं ते, सासऱ्यांची भिक्षुकी असलेल्या घरात कसं चालणार? त्यांनी शांतपणे सांगितलं, की लावायचा तर खुशाल दुकानात लावा, पण मग वाद्य माजघरात यायचं नाही, गोठ्यात राहील. आमच्या गोठ्यात मोडका पाळणा आणि फाटकी छत्री होती. तिथं गेलेलं काही मी परत आलेलं पाहिलं नव्हतं.

अख्खी गिटार मुळात सरसानंच जोडलेली असते, हे अगदी जिभेवर आलं होतं. बिभीषणालाही ते ठाऊक असणार, कारण त्यानं माझ्याकडं बघून मान खाली घातली. मीही गिळलं. बोलले असते तर ती त्याच घटकेला बाहेर गेली असती.

दुसऱ्या दिवशी माईंनी मला तारा काढायला लावल्या. विड्याची पानं गुंडाळतात तसलं ओलं फडकं त्यांनी गिटारीच्या पोटात सोडलं आणि ती अंधाऱ्या कोनाड्यात ठेवली. दोनेक दिवसांत चीर आपसूक मिटत आली.

मग त्यांनी साय काढलेलं दूध नासवलं, चोथा धुऊन घट्ट पिळला आणि भिजवलेल्या चुन्याबरोबर खलात घोटला. लोण्यासारखा झाला तसा चिरेत भरला. सासऱ्यांच्या जुन्या पोथीची फळी तुटली होती, तिचे पातळ तुकडे केले. हात आत घालताना बांगड्या फुटू नयेत म्हणून त्या वर सारून चिंधीनं बांधल्या. तुकडे आतून चिरेवर आडवे चिकटवले, त्यांना खालून बांबूच्या कामट्यांचा टेकू दिला आणि वरून ज्वारीची लहान पिशवी ठेवली. ह्या सगळ्यात त्यांचा हात एकदाही अडखळला नाही.

हे त्या भूमला, माहेरी शिकल्या होत्या. देव्हाऱ्याला सरस चालत नाही, म्हणून त्यांचे वडील दूधचुन्यानं सांधे भरत आणि घोटायचं काम माईंकडं असे. आमचा देव्हाराही माईंच्याच हातचा. मी तो रोज पुसत होते, एक सांधा हलत नव्हता, आणि कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. ज्या सोवळ्याला मी मनात नावं ठेवत होते, त्यातूनच ही विद्या आली होती. मला त्या बाईचा फार अभिमान वाटला.

सांधा वाळल्यावर तारा चढवल्या. आवाज किंचित बसका आला, पण एका जिवाचा आला. मला राहवेना. म्हणाले, "माई, ही आधीपासून सरसानंच जोडलेली आहे. सगळी."

माई नखातला चुना काढत होत्या. "ठाऊक आहे. उन्हातनं उचलली तेव्हाच वास आला मला."

"मग गोठ्यात का नाही टाकलीत?"

"माहेराहून आणलंस ते जसं आहे तसं तुझं. त्यात मी कशाला बोलू? पण चीर माझ्यामुळं पडली. ती माझ्या रीतीनंच भरायची होती मला."

एवढं बोलून त्यांनी माझ्या हातातून गिटार घेतली. ऊन लागणाऱ्या भिंतीवरची तिची जुनी खुंटी त्यांनी सकाळीच उपटली होती. घरातली सगळ्यात जाड, गार भिंत देवघराची. तिथं देव्हाऱ्याशेजारी नवी खुंटी ठोकलेली होती, आणि माईंनी सोवळ्यातच गिटार तिला अडकवली.